मल्हारीसाहेबांचं लाल टोपण

मल्हारीसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवायचे. बोटाच्या पेरानं, टक टक. मग कान लावायचे. घरधनी हात जोडून दारात उभा, आतून चहाचा वास येतोय, आणि हा माणूस भिंतीशी बोलतोय. "माती हाय. भुसा जरा जास्त पडला." नाहीतर, "वरून चुना, आतून दगड. ठीक." आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईनं मला चुलीपाशी ओढून विचारलं, "शांते, हे तुमचे डॉक्टर का गवंडी?"

म्हटलं, "आई, दोन्ही न्हाईत. ते किरणं मोजतात."

"मोजतात म्हंजे? उन्हात बसून?"

आता आईला काय सांगणार! मी स्वतः नर्स, त्याच खोलीत रोज काम करणारी, आणि मलाही तोवर धड कळलं नव्हतं.

मल्हारी खरात. टेंभुर्णीजवळच्या एका वाडीतला धनगराचा मुलगा. बाप आयुष्यभर मेंढरांमागं. मुलगा मात्र शिकला, जालन्याहून औरंगाबादेला गेला, तिथून हैदराबादेला, आणि निजामाच्या राज्यातली रीत म्हणून सगळं विज्ञान उर्दूतून शिकून परत आला. घरी धनगरी मराठी, डोक्यात उर्दूतलं विज्ञान, आणि टेबलावर इंग्रजी यंत्र. ह्या तिन्हींची त्यांनी अशी काही खिचडी केली होती की ऐकत राहावं. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर घोंगडी, भर उन्हाळ्यातसुद्धा. दामले डॉक्टर, आमचे मोठे डॉक्टर, पुण्याकडचे. ते एकदा म्हणाले, "खरात, शेरवानीवर घोंगडी शोभत नाही हो." साहेब म्हणाले, "साहेब, शेरवानी सरकारची हाय, घोंगडी बापाची. कोनती काढू?"

आमच्या जालन्याच्या दवाखान्यात तेव्हा किरणांचं यंत्र होतं. विजेसाठी मागच्या अंगणात तेलाचं इंजिन, ते सुरू झालं की कबुतरं उडायची. हाडं बघायला ते यंत्र लोकांना ठाऊक होतं, पण आमच्याकडे त्यानं वाईट व्रणांवर उपचारही व्हायचे. ओठावरचे, गालावरचे, न भरणारे, चरत जाणारे व्रण. किरणं कमी पडली तर व्रण पुन्हा उठणार, जास्त पडली तर चांगली कातडी जळणार. म्हणून मोजून द्यायची. आणि ते मोजणं म्हणजे मल्हारीसाहेब.

मोजायचं यंत्र पाहून कुणालाही हसू यावं. एक काट्याची पेटी, तिला एक दांडी, आणि दांडीच्या टोकाला शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं टोपण. टोपणात काय? हवा. चिमूटभर हवा. किरणं त्या हवेतून गेली की तिच्यातून वीज वाहते आणि काटा धावतो. काटा किती धावला, त्यावरून किरणं किती, ते कळतं.

"मंग एवढं सोपं हाय तर तुम्हाला पगार कशाचा?" मी एकदा चिडवलं.

ते मुळीच रागावले नाहीत. कोपऱ्यात नवीन माठ होता, त्यातलं पाणी मला प्यायला दिलं. "कसं लागतंय?"

"मातीचं लागतंय."

"पानी मातीचं हाय का?"

"न्हाई. माठ नवा हाय."

"बस! आपल्याला पान्याची चव सांगायची हाय, माठाची न्हाई. पन पानी माठाबिगर धरता येत न्हाई. तशीच हवा टोपनाबिगर धरता येत न्हाई. आता टोपनाची भिंत काय करती? थोडी किरनं अडवती, अन् स्वतःच्या अंगातून विजेचे बारीक कन उडवून हवेत टाकती. काट्याला काय कळतंय कोनाचं काय! तो बिचारा सगळंच मोजतो. त्यातून भिंतीचं काम वजा करनं, ते माझं काम. त्याला तसहीह म्हनतात. दुरुस्ती."

तेव्हापासून 'भिंत वजा करा' हे त्यांचं म्हणणं मला उमगायला लागलं. वॉर्डात कुणी कुणाची चुगली केली की साहेब शांतपणे विचारायचे, "हे तुम्ही डोळ्यानं पाह्यलं, का मधी भिंत हाय?" चुगली करणारीचं तोंड एवढंसं व्हायचं. त्यात एकदा माझंही झालं, ते जाऊ द्या.

दुसरा एक शब्द त्यांनी फार जपून वापरला, तो म्हणजे 'बराबर'. आपल्याकडे तो शब्द लोक पानसुपारीसारखा वाटतात. साहेब कधीच नाही. काम चांगलं झालं तर 'ठीक'. फार चांगलं झालं तर 'चालंल'. दामले डॉक्टरांनी अवघड शस्त्रक्रिया केली तरी 'ठीक'च. मी एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, मला एकदाही 'बराबर' मिळालं नाही. राग यायचा मला, का नाही येणार?

आणि घाबरणं म्हणून माहीत नव्हतं. एकदा औरंगाबादेहून एक बडे अंमलदार आले, सोबत लवाजमा. त्यांना आपल्या हाताची हाडं बघायची हौस. डॉक्टर लगबगीनं उठले, इंजिन सुरू करायला माणूस धावला. मल्हारीसाहेब दारात उभे राहिले, अदबीनं झुकून सलाम केला.

"हुजूर, हाथ में दर्द है?"

"नहीं जी, बस देखना था."

"तो हुजूर, आईना देखिए. ये मशीन बीमारों की है."

मी हातातली कढत पाण्याची परात पटकन खाली ठेवली. अंमलदार आधी लालबुंद झाले, मग काय वाटलं कोण जाणे, खो खो हसले आणि साहेबांची पाठ थोपटून गेले. डॉक्टर मात्र संध्याकाळपर्यंत घाम पुसत होते. साहेब म्हणाले, "किरनं काय अत्तर हायेत का, आलेल्यागेलेल्याला लावायला?"

असा हा माणूस. आता त्यांच्या चुकीची गोष्ट सांगते. चुकीची सांगते म्हणून भुवया उंचावू नका. त्या चुकीमुळंच मला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

लढाईचा काळ होता. एका कडक उन्हाळ्यात ते विलायती टोपण तडकलं. नवं मागवावं तर बोटी बंद. टोपण नाही म्हणजे मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना परत पाठवायचं. साहेब दिवसभर तडकलेलं टोपण हातात फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "शांताबाई, चला बाजारात."

गेलो ते थेट चाँदबीच्या दुकानात. चाँदबी लाखेच्या बांगड्या करायची. कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करून तिची बोटं अशी चालायची की बघत बसावं. साहेबांनी तिला तडकलेलं टोपण दाखवलं. लाख हा झाडावरचा डिंकासारखा पदार्थ, हलका, हवेला जवळचा. त्याची भिंत किरणांच्या कामात फारशी लुडबुड करणार नाही, हा त्यांचा विचार. आतून वीज वाहायला पेन्सिलीतली काळी पूड घासायची, तिच्यात नावाचंच शिसं. विचार अगदी खरा होता.

चाँदबीनं विचारलं, "ये टोपी किसके वास्ते?"

"दवाखान्याच्या बाया-मानसांसाठी. गालाला लावून मोजायची."

पुढच्या आठवड्यात टोपण तयार. देखणं, गुळगुळीत, आणि लालभडक! साहेबांनी विचारलं, रंग काहून? चाँदबी म्हणाली, "अय्यो साब! औरताँ के गाल को लगने की चीज, कोरी कैसी देऊँ? कोरी लाख सुहागन को नईं देते." खरंच आहे. आमच्याकडे रंगाशिवायची लाख कुणी सवाष्णीच्या हातात घालत नाही. साहेब हसले, घेतलं. भिंतीची जाडी मोजली, तिची दुरुस्ती काढली, काम सुरू. दवाखान्यात सगळ्यांनी कौतुक केलं. दामले डॉक्टर म्हणाले, "खरात, विलायतेच्या तोंडात मारलीत!" मीही आईला अभिमानानं सांगितलं.

त्याच टोपणावर पारूबाईची मोजणी झाली. पारूबाई राजूरची, गणपतीच्या पायऱ्यांशी नारळ-दुर्वा-शेंदूर विकायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. गालावर, डोळ्याच्या अगदी खाली व्रण. तिला यंत्राखाली बसवलं की साहेब सांगायचे, "गाल इकडं, डोळा तिकडं." ती म्हणायची, "सायेब, माझ्या सासूनं बी मला एवढं वळन लावलं न्हाई!" व्रण भरला, खपली पडली, पारूबाई नारळ ठेवून घरी गेली.

पण साहेबांना चैन पडेना. किरणं पुरेशी पडली की कातडीवर थोडी लाली यायला हवी, ती पारूबाईच्या गालावर नीट आलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, सावळ्या कातडीत लाली दिसत नाही. साहेब म्हणाले, "माझ्या मायची कातडी बी सावळीच हाय. मला सावळ्यातली लाली दिसती."

काही महिन्यांनी चतुर्थीला साहेब आणि मी राजूरला गेलो. पारूबाईनं लांबूनच हाक मारली. साहेबांनी तिचा गाल उन्हाकडे वळवला. जुन्या जागेच्या कडेला बारीक, खरखरीत कड उठली होती. तिला वाटत होतं मुरूम आहे. तिनं बोट शेंदरात बुडवलं आणि साहेबांच्या कपाळाला टिळा लावला. साहेब एकदम थबकले.

"पारूबाई, शेंदूर कशाचा करतात, माहीत हाय?"

"आता ते मला काय ठावं! जालन्यातून आनते. लाखेवाल्या बाया घेत्यात ना रंगाला, तिथूनच."

साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परतीच्या टांग्यात कपाळ पुसून ते बोटाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "शांताबाई, शेंदूर म्हंजे शिसं. मी टोपनाची भिंत मोजली, भिंतीतला रंग मोजलाच न्हाई. शिशावर किरनं पडली की ते खंडीभर कन उडवतं. काटा धावला शिशानं, अन् मी समजलो किरनांनी. म्हंजे जेवढी दिली म्हनलो, तेवढी दिलीच न्हाईत."

घरी न जाता ते सरळ चाँदबीकडे. बिनरंगाच्या लाखेची टोपणं करून मागितली, एक पातळ, एक मध्यम, एक जाड. चाँदबी कुरकुरली, पण केली. यंत्र तेच, अंतर तेच. कोरी टोपणं लावली तेव्हा भिंत जसजशी जाड तसतसा काटा थोडा मागं. साहेबांनी ते आकडे कागदावर एका ओळीत मांडले आणि ती ओळ पट्टीनं मागं मागं नेली, जाडाकडून पातळाकडं, आणि पातळाच्याही पलीकडं. "इथं बघा. इथं भिंतच न्हाई. नुसती हवा. असं टोपन जगात कोनी बनवू शकत न्हाई, पन त्याचा आकडा आपल्याला मिळाला." मग लाल टोपण लावलं. काटा असा सुसाट पळाला की मी मनात म्हटलं, मेल्या, थांब!

साहेब उठले आणि तसेच डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्यांनी लाल टोपण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, माझी चूक झाली. ह्या टोपनावर ज्यांची मोजनी झाली, त्या सगळ्यांना किरनं कमी पडली."

डॉक्टरांनी टोपण उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "यापुढे कोरं टोपण वापरा. झालं ते झालं. लोक आधीच यंत्राला भितात, खरात. आपणच चूक झाली म्हणून दवंडी पिटली, तर उद्या या दाराशी कोण येईल?"

"यापुढची तसहीह मी करतोच, साहेब. मागची कोन करील?"

डॉक्टर वाईट नव्हते हो. दवाखाना त्यांनी उभा केला होता, त्यांचा जीव त्यात होता. खिडकीबाहेर बघत त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "टांगा घेऊन जा. आणि माझं नाव सांगा. चूक दवाखान्याची म्हणा, तुमच्या एकट्याची नको."

साहेबांनी टांगा घेतला, पण चूक एकट्याचीच सांगितली. गावोगाव मी सोबत होते, म्हणून ठाऊक. सगळ्यात अवघड गेलं ते टेंभुर्णी. तिथं ओठावर व्रण असलेले एक म्हातारे होते, आणि बाजाराचा दिवस. त्याच गावानं ह्या पोराला हैदराबादेहून आल्यावर वाजतगाजत नेलं होतं. पारावर सगळी ओळखीची माणसं, त्यात साहेबांचे वडील, काठीवर हनुवटी टेकून. साहेबांनी उभं राहून स्वच्छ सांगितलं, "मी मोजायला चुकलो. काकांना पुन्हा यायला लागंल." पारावर कुजबुज. कुणीतरी हसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वडील म्हणाले, "मल्हारी, कळपातलं मेंढरू मागं राह्यलं तर काय करतो आपन?"

"मागं जातो, बा."

"मंग? तसाच मागं आलास ना हितं? लाज कशाची त्यात? अन् तू रं, हसू नको. तुझं मेंढरू हरवलं तव्हा तू लांडग्याच्या नावानं रडत बसल्ता." ते काका त्याच टांग्यात बसले.

पारूबाईचं मात्र खरं संकट होतं. तिची कड डोळ्याकडं सरकत होती. पुन्हा किरणं द्यायची, तर किती? कमी पडली तर व्रण डोळ्यात जाणार. जास्त झाली तर आम्हीच तिचा डोळा जाळणार. म्हणजे आधी तिला नक्की किती मिळाली होती, ते लाल टोपणाच्या खोट्या आकड्यातून काढायचं, आणि उरलेलीच द्यायची. सगळा डोळा त्या एका दुरुस्तीवर.

पायऱ्यांशी साहेबांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती नारळ पुसत ऐकत होती.

"डोळा राहील का, सायेब?"

"माझी मोजनी ठीक आली तर राहील."

"आन न्हाई आली तर?"

"तर दोष माझा. देवाचा न्हाई, तुमच्या नशिबाचा बी न्हाई."

पारूबाईनं हातातला नारळ खाली ठेवला. मग नारळाची टोपली शेजारणीकडं सरकवून म्हणाली, "आजवर लई जनांनी मला तुझंच नशीब खोटं म्हनलं. माझं चुकलं म्हनाया कोनीच आलं न्हाई. चला." निघताना ती सवयीनं शेंदराचं बोट पुढं करून थांबली. साहेबांनी हात जोडले. "आत्ता नको, पारूबाई." तिनंही आग्रह केला नाही.

साहेबांनी लाल आणि कोरं टोपण आलटूनपालटून लावून इतक्यांदा मोजलं की इंजिनवाला वैतागला. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. आकडा निघाल्यावर त्यांनी तो डॉक्टरांना दिला आणि म्हणाले, "तुम्ही पुन्हा करून बघा. माझ्यावर भरवसा ठेवू नका." डॉक्टरांनी वेगळं बसून केला. तोच आला. मग पारूबाईला बसवलं, डोळ्यावर शिशाची चकती ठेवली. "गाल इकडं, डोळा तिकडं," साहेब म्हणाले. इंजिन धडधडत होतं, आणि मी, एरवी देवाला हात न जोडणारी बाई, मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला नवस बोलत होते.

ह्या वेळी लाली आली. सावळ्या गालावरही मला स्पष्ट दिसली.

लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, नवं विलायती टोपण आलं. डॉक्टरांनी मुद्दाम सगळ्यांसमोर ते आणि चाँदबीचं कोरं टोपण, साहेबांच्या दुरुस्तीसह, ताडून पाहिलं. आकडा जुळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "ठीक." हात टेकले मी त्या माणसापुढं! आणि लाल टोपण? ते त्यांनी टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. नवा माणूस कामाला आला की त्याला आधी तेच हातात द्यायचे आणि गोष्ट स्वतः सांगायचे.

मग ते धामधुमीचं साल आलं. रस्ते बंद, माणसं भेदरलेली, रुग्ण येईनात. पावसाळा सरता सरता निजामी गेली, रस्ते उघडले, आणि साहेबांची हैदराबादेच्या मोठ्या दवाखान्यात नेमणूक झाली. जायच्या आधी म्हणाले, "शांताबाई, एकदा राजूरला जाऊन येऊ. पारूबाई लई दिवसांत आली न्हाई." देवळाशी पोहोचल्यावर पहिल्या पायरीशेजारची भिंत सवयीनं वाजवली, पण कान लावलाच नाही, नजर गर्दीत.

पारूबाई नारळांमागं बसली होती. केस पांढरे झालेले. साहेबांना पाहून ती उठली, राम राम नाही की काही नाही. सरळ समोर येऊन उभी राहिली आणि गाल त्यांच्याकडं केला, डोळा पलीकडं. शिकवल्यासारखा. साहेबांनी घोंगडी सावरली, तिची हनुवटी दोन बोटांनी उन्हाकडं वळवली आणि फार वेळ बघत राहिले. गुळगुळीत, जरा फिकट डाग. कड नाही, खपली नाही. वर तिचा डोळा, लख्ख, मिश्कील, तिरका होऊन त्यांच्याकडंच बघणारा.

"बराबर," साहेब म्हणाले.

माझ्या डोळ्यांना धार लागली. सांगायला लाज कसली? पारूबाईनं शेंदरात बोट बुडवलं आणि विचारल्यासारखी थांबली. मल्हारीसाहेबांनी टोपी काढून काखेत धरली, वाकले, आणि कपाळ तिच्यापुढं केलं.